संवर्धित वास्तव : त्याचे सामाजिक परिणाम व प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य

(भोर व राजगड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेपुढील भाषण)



मनुष्याच्या डोळ्यांपुढे जे प्रत्यक्ष आहे त्याच्यावर, जे तेथे नाही त्याचे चित्र यंत्राच्या साहाय्याने अशा रीतीने बसवावयाचे की ते तेथेच आहे असा भास व्हावा, या तंत्रास इंग्रजीत ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ असे नाव आहे. मराठीत त्यास ‘संवर्धित वास्तव’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे. स्मार्टफोनचा कॅमेरा समोरचे अंगण टिपतो. फोन किती कलला आहे व कोणत्या दिशेस वळला आहे हे त्यातील सूक्ष्म यंत्रे क्षणोक्षणी मोजतात. आणि त्या मापांच्या आधारे पडद्यावरील अंगणात एखादा वाघ उभा केला जातो. पाहणारा पुढे सरकला की वाघ मोठा दिसतो, बाजूस गेला की वाघाची दुसरी कूस दिसते. ‘आभासी वास्तव’ म्हणून जे दुसरे तंत्र आहे, त्यात डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा चढवून सभोवतालचे जग पूर्णपणे झाकले जाते. संवर्धित वास्तवात जग झाकले जात नाही. ते दिसतच राहते आणि त्यातच कोणीतरी काहीतरी मिसळलेले असते. या तंत्राची उपयुक्तता आणि त्याचा धोका ही दोन्ही या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

हे तंत्र अगदी कालपरवाचे आहे असे नाही. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवावयाचे, परंतु जडपणामुळे छतास टांगून ठेवावे लागणारे असे एक यंत्र तयार केले होते. पुढे १९९० च्या सुमारास बोइंग या विमान बनविणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल यांनी त्यास आजचे नाव दिले. विमानातील तारांच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारास कोणती तार कोठून कोठे न्यावयाची हे हातातील कागद न पाहता कामाच्या फळीवरच दिसावे, असा त्यांचा हेतू होता. २०१७ साली ॲपल व गूगल या कंपन्यांनी आपापल्या फोनांसाठी ही सोय खुली केली, आणि प्रयोगशाळेतील साधन सर्वसामान्य मनुष्याच्या खिशात येऊन पडले.

डोंगरी शाळेशी याचा संबंध काय?

ज्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, ज्या वाडीत रेंज मिळविण्यासाठी टेकाडावर जावे लागते, तेथे हा विषय कशासाठी, अशी शंका एखाद्या शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ही शंका फार काळ टिकणारी नाही. २०२० साली शाळा बंद असताना गूगलच्या शोधपानावरून वाघ वा अस्वल घरात उभे करून दाखविण्याचा खेळ देशभर मुलांच्या हाती गेला. शिरवळच्या किंवा पुण्याच्या कारखान्यात कामास जाणारा थोरला भाऊ रात्री घरी परतला की त्याचा फोन धाकट्यांच्या हाती जातो, आणि त्या फोनात चेहऱ्यावर मुकुट, मिशा वा सशाचे कान चढविणारी चित्रे असतात. तीही याच तंत्राची अपत्ये होत. मुलांना तंत्राचे नाव ठाऊक नसते. तंत्र मात्र त्यांच्या परिचयाचे झालेले असते.

दुसरे कारण याच भूमीचे आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाखाली बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांपैकी एक राजगड होय. ज्या वेल्हे तालुक्यात तो उभा आहे त्यालाही आता राजगड हेच नाव मिळाले आहे. जगभर वारसास्थळी येणाऱ्या प्रवाशांस पडक्या भिंतींवर जुन्या इमारतींची चित्रे फोनमधून दाखविण्याची पद्धत पडली आहे. ती उद्या गुंजवण्यास व पाल्यास पोहोचणार हे उघड आहे. पाहुणे एक दिवस येऊन जातील. गडाच्या पायथ्याची मुले मात्र तेथेच वाढणार आहेत. त्यांच्या मनात गडाची कोणती प्रतिमा राहील, हा प्रश्न पायथ्याच्या शाळेचा आहे.

उपयोगाची बाजू

नव्या साधनाचा विचार करताना प्रथम त्याच्या गुणांस न्याय द्यावयास हवा. हृदयाचे चार कप्पे, पृथ्वीची स्वतःभोवतीची व सूर्याभोवतीची गती, ज्वालामुखीचा अंतर्भाग या गोष्टी खडूने फळ्यावर काढून समजावणे कष्टाचे असते. त्याच गोष्टी टेबलावर उभ्या राहिल्या आणि मुलास त्यांच्याभोवती फिरून पाहता आले, तर कळण्यास मोठे साहाय्य होते. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्यास देवमाशाचा आकार शाळेच्या पटांगणाशी ताडून पाहता येतो.

छापील पान आणि फोन यांची सांगड घालण्यात महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शिक्षकाने जगास वाट दाखविली आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवून प्रत्येक धड्यास ध्वनी व चित्रफीत जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले, आणि २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठाशी ते जोडले गेले. डिसले यांना २०२० सालचे दहा लक्ष डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. क्यूआर कोड म्हणजे संवर्धित वास्तव नव्हे, हे खरे. तथापि पानावरील खूण फोनने वाचावयाची आणि पानापलीकडचे काही पाहावयाचे, ही सवय त्यानेच मुलांस लावली. त्या प्रयोगाचे मर्म असे की, कोणत्या धड्यास काय जोडावयाचे हे मुलांस ओळखणाऱ्या शिक्षकाने ठरविले होते. संवर्धित वास्तवात ते बहुधा दूरची कंपनी ठरविते.

एकत्र पाहण्याची सवय

समाजावर होणाऱ्या परिणामांपैकी पहिला आणि सर्वांत खोल परिणाम एकत्र पाहण्याच्या सवयीवर होतो. मूल भाषा शिकते ते कोणाच्या तरी बोटामागे पाहून. आई चिमणीकडे बोट दाखविते, मूल बोटाच्या रोखाने पाहते, आणि त्या क्षणी शब्द व वस्तू यांची गाठ पडते. वर्गातही तेच घडते. फळ्यावरील एका आकृतीकडे तीस मुले पाहतात. एक चुकले तर दुसरे ते दाखवून देते. गावाच्या यात्रेत पालखी सर्वांस एकच दिसते. लोक एकमेकांशी भांडतात तेदेखील एकच बांध दोघांना दिसत असतो म्हणून.

संवर्धित वास्तवात ही समानता राहीलच असे नाही. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी एकास दगडावर गरुड बसलेला दिसतो, दुसऱ्यास नुसता दगड दिसतो. ‘तो बघ’ या शब्दांस अर्थ उरत नाही. एवढा प्रकार खेळापुरता असला तर बिघडत नाही. परंतु चित्राबरोबर नावे, माहिती व इतिहास येऊ लागला म्हणजे गोष्ट गंभीर होते. एकाच जोत्यास एक ॲप एक नाव देईल, दुसरे ॲप दुसरे नाव देईल, आणि दोघांचेही पाहणारे आपण स्वतः डोळ्यांनी पाहिले असे शपथेवर सांगतील. पुस्तकातील मजकुराविषयी वाद झाला तर पुस्तक उघडून सर्वांपुढे ठेवता येते. प्रत्येकाच्या फोनात वेगळे दिसणारे चित्र मध्ये ठेवून वाद मिटविता येत नाही. गावात ज्याविषयी सर्वांचे एकमत असते अशा गोष्टी थोड्याच असतात. समोर काय आहे, ही त्यांपैकी एक आहे. ती डळमळली तर गावाचा व्यवहार कठीण होईल.

चित्राचे प्रामाण्य

दुसरा परिणाम ज्ञानाच्या प्रामाण्याविषयीचा आहे. भारतीय तर्कशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवचन ही प्रमाणे निरनिराळी मानली. डोंगरावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष. तेथे अग्नी असावा हे अनुमान. शेतकऱ्याच्या घरातील मुलासही हा भेद उपजत कळतो: ढग दिसतो आहे आणि पाऊस येईल, या दोन गोष्टी तो एक मानीत नाही. संवर्धित वास्तवात मात्र अनुमान व कल्पना या दोन्ही प्रत्यक्षाचाच पोशाख घालून येतात. पडद्यावर त्यांचा रंग सारखाच उजळ असतो.

हा भेद या दोन तालुक्यांतील उदाहरणांनीच स्पष्ट करता येतो. भाटघर धरणाच्या जलाशयात कांबरे येथील कांबरेश्वराचे दगडी मंदिर आहे. वर्षातील बहुतेक काळ ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. भर पावसाळ्यात एखाद्याने काठावर उभे राहून फोन धरला आणि पाण्यावर त्या मंदिराचे चित्र उमटले, तर ते चित्र पडताळून पाहता येण्यासारखे आहे. उन्हाळ्यात जाऊन दगडास दगड ताडता येईल. या चित्रास ‘पडताळलेले चित्र’ म्हणावे.

राजगडाच्या पद्मावती माचीवरील वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. सुमारे पाव शतक हा गड स्वराज्याची राजधानी होता. १६६६ साली आग्र्याहून सुटून शिवाजीमहाराज येथेच परतले. १६७० साली राजारामांचा जन्म येथेच झाला. परंतु त्या काळच्या वास्तूंपैकी जोती, पायऱ्या व भिंतींचे अवशेष उरले आहेत. जोत्यावरून लांबी-रुंदी कळते, दार कोणत्या अंगास होते याचा तर्क करता येतो. वर मजला होता काय, छप्पर कौलारू होते की गवती, खांबांवर नक्षी होती काय, हे जोते सांगत नाही. अशा ठिकाणी चित्रकाराने उभा केलेला वाडा कितीही देखणा असला तरी त्याचा खालचा हातभर भाग प्रत्यक्ष, त्यावरचा काही भाग अनुमान आणि उरलेला चित्रकाराच्या मनातला असतो. त्यास ‘अनुमानाचे चित्र’ म्हणावे. अनुमान करणे हा दोष नव्हे. इतिहाससंशोधक तेच करीत असतो. परंतु संशोधक आपल्या लेखात ‘असावे’ असे लिहितो. पडद्यावरील चित्राला ‘असावे’ म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार निव्वळ कल्पनेचा. झाडावर बसलेला खेळातील प्राणी, चेहऱ्यावरील सशाचे कान, ही ‘कल्पनेची चित्रे’ होत. त्यांत फसवणूक थोडी, कारण ती खोटी असल्याचे मूल जाणते. खरी जोखीम मधल्या प्रकाराची आहे, कारण तेथे खरे व मानलेले यांची सीमा दिसत नाही. गावातील वृद्ध स्त्री गडावरील एखाद्या टाक्याविषयी सासूकडून ऐकलेली हकीकत सांगते, तेव्हा ती ‘असे म्हणतात’ हे शब्द जोडते. या दोन शब्दांत मोठा प्रामाणिकपणा आहे. रंगीत वाडा पाहून आलेल्या नातवास आजीची ती हकीकत फिकी वाटू लागली, तर गावाच्या स्मृतीचा एक धागा तुटतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

स्थळाची मर्यादा

तिसरा परिणाम सार्वजनिक स्थळांवर होतो. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ जगात आला व डिसेंबर २०१६ मध्ये तो रीतसर भारतात आला. फोन हाती धरून रस्तोरस्ती हिंडावयाचे व फोनात दिसणारे काल्पनिक प्राणी पकडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. घरात बसून राहणारी मुले त्याने बाहेर काढली, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानमधील तोकुशिमा येथे हा खेळ खेळत वाहन चालविणाऱ्या मनुष्याने दोन स्त्रियांस धडक दिली व त्यांपैकी एक मृत्यू पावली. वॉशिंग्टन येथील ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संग्रहालयास, येथे हा खेळ खेळू नये, अशी विनंती अभ्यागतांस करावी लागली. गुजरात उच्च न्यायालयात, पूजास्थानांमध्ये खेळातील अंडी दाखविली जातात, या तक्रारीवरून जनहित याचिका दाखल झाली व न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये खेळाच्या कंपनीस नोटीस काढली. देवालयाच्या विश्वस्तांस, जागेच्या मालकास वा ग्रामपंचायतीस न विचारता दूरच्या कंपनीने त्यांच्या जागेवर काहीतरी मांडून ठेवले होते, आणि मांडलेले डोळ्यांस दिसत नसल्यामुळे ते हटविताही येत नव्हते.

राजगड व तोरणा यांच्या वाटांवर या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. राजगडाची चोरदरवाज्याची चढण, बालेकिल्ल्याचा कडा, तोरण्याची झुंजार माची या जागी पाऊल टाकताना डोळे पायाखाली असावे लागतात. पडद्यात पाहत मागे सरकणाऱ्यास कडा किती जवळ आहे हे पडदा सांगत नाही. शालेय सहलीत चालताना व कड्याजवळ फोन बंदच असला पाहिजे, असा नियम प्रत्येक शाळेने करावा.

चेहरा, घर आणि खासगीपणा

संवर्धित वास्तवाच्या साधनास जगावर चित्र चढविण्यापूर्वी जग पाहावे लागते. म्हणजेच कॅमेरा सतत उघडा ठेवावा लागतो. घरात वाघ उभा करताना घराची ओटी, चूल, निजलेले मूल व भिंतीवरील कागद हे सर्व कॅमेऱ्यापुढून जातात. अलीकडे हा कॅमेरा चष्म्याच्या काडीत आला आहे. मेटा कंपनीचे कॅमेरायुक्त चष्मे २०२५ साली भारतात विक्रीस आले. २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी याच प्रकारचा चष्मा व चेहरा ओळखणारी संगणकीय सेवा एकत्र जोडून, रस्त्यावरील अनोळखी मनुष्याचे नाव व माहिती काही क्षणांत काढता येते, हे धोका लक्षात यावा म्हणून दाखवून दिले. आठवडी बाजारात एखादा मनुष्य आपणाकडे पाहतो आहे की आपले चित्र घेतो आहे, हे कळेनासे झाले तर मोकळेपणा जाईल. आणि तो प्रथम मुलींचा व स्त्रियांचा जाईल.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे व तिच्या माहितीच्या वापरास आईवडिलांची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली आहे. या कायद्याचे तत्त्व शिक्षकाने वर्गापुरते आजच पाळावे. मुलांचे चेहरे मागणारे कोणतेही ॲप वर्गात उघडू नये. चेहरा गोरा, नाक सरळ करून दाखविणारी चित्रे ही करमणूक म्हणूनही शाळेत आणू नयेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलीस तिचा चेहरा दुरुस्त करून दाखविणे, म्हणजे त्यात दुरुस्त करण्यासारखे काही आहे, असे तिला सांगणे होय.

विषमता आणि साधनाची अशाश्वती

‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु अशा घरांतील २६.१ टक्के मुलांस तो वापरावयास मिळत नव्हता. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६.२ टक्के व मुली २६.९ टक्के आढळल्या. घरी फोन असणे आणि तो मुलीच्या हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येकाने घरी जाऊन चित्र पाहून यावे, असा गृहपाठ दिला की वर्गात तत्काळ दोन जाती पडतात: पाहिलेले आणि न पाहिलेले. सबब असा गृहपाठ देऊ नये. शाळेतील एक फोन वा टॅब सर्वांनी मिळून पाहावा.

शिवाय ही साधने टिकाऊ नाहीत. शाळांसाठी म्हणून गाजलेले गूगलचे ‘एक्सपिडिशन्स’ हे साधन जून २०२१ अखेर बंद झाले. मेटा कंपनीने १४ जानेवारी २०२५ रोजी आपले ‘स्पार्क’ हे व्यासपीठ बंद करताच बाहेरच्या कलाकारांनी त्यावर तयार केलेली चित्रे वापरातून गेली. ज्या पाठाचा सर्व भार अशा साधनावर असेल तो साधनाबरोबर नाहीसा होतो. साधन मिळाले तर पाठ खुलावा, न मिळाले तर अडू नये, अशी त्याची रचना असावी.

पाठाची पद्धत

आतापर्यंतच्या विवेचनाचे तात्पर्य एका सूत्रात सांगता येईल : आधी वस्तू, मग चित्र, शेवटी प्रश्न. हा क्रम कधीही उलटा करू नये. चित्र आधी पाहिलेल्या मुलास वस्तू उणी भासते. ओसाड जोते पाहून ते निराश होते. वस्तू आधी पाहिलेल्या मुलास मात्र चित्रातील उणेपणा दिसतो.

उदाहरणादाखल इयत्ता चौथीचा एक पाठ घ्यावा. गुंजवणे, पाल वा वेल्हे येथील शाळेस किल्ला जवळ आहे. बाजारवाडीस रोहिडा आहे. इतरांस गावातील पडका वाडा, जुनी बारव वा देवळाचा ओटा पुरेसा आहे. प्रथम मुलांनी जोत्याची लांबी-रुंदी पावलांनी व मग सुतळीने मोजावी. दोन्ही मापांत फरक का पडला याची चर्चा व्हावी. क्षेत्रफळाचे उदाहरण तेथेच सोडवावे. दगड कोणत्या जातीचा आहे, चुना वापरला आहे काय, पाणी वाहून जाण्यास मोरी कोठे आहे, हे पाहून प्रत्येकाने आपल्या वहीत आकृती काढावी. फोन या वेळेपर्यंत पिशवीतच असावा.

त्यानंतर, चित्र उपलब्ध असल्यास, शिक्षकाने ते आधी उतरवून ठेवलेल्या एकाच फोनवर गटागटाने दाखवावे. उपलब्ध नसल्यास पुस्तकातील कल्पनाचित्र चालेल. तेदेखील नसल्यास मुलांनीच, येथे काय असावे, याचे चित्र काढावे. तत्त्व तेच राहते.

अखेरीस फळ्यावर वा मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत : ‘डोळ्यांनी पाहिले’, ‘चित्रात दिसले’ आणि ‘विचारावयाचे राहिले’. पायऱ्या तीन होत्या, हे पहिल्या रकान्यात जाईल. छपरावर कौले होती, हे दुसऱ्यात. कौले येथे कोठून आणीत असतील, चित्रकारास हे कोणी सांगितले, हे तिसऱ्यात. तिसरा रकाना घेऊन मुलांनी घरी जावे व आजी-आजोबांस, गावातील गवंड्यास, गडावर वाट दाखविणाऱ्यास विचारून यावे. उत्तर मिळाले तर ते कोणी सांगितले याची नोंद नावासह करावी. ‘असे म्हणतात’ हे शब्द गाळू नयेत. फोन नसलेल्या घरातील मूल या गृहपाठात मागे पडत नाही. उलट, ज्याच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्याचा रकाना सर्वांत भरलेला येईल.

याच मुलांस दिवाळीत मातीचा किल्ला करण्याची सवय आहे. अंगणातील दगडमाती, अळीव वा मोहरी पेरून उगविलेली हिरवळ आणि बाजारातून आणलेले मावळे यांतून ती अंगणावर एक नवे जग चढवितात. तेही वास्तवाचे संवर्धनच होय. फरक इतकाच की, बुरूज कोठे मातीचा आणि कोठे कल्पनेचा आहे हे त्या मुलास नेमके ठाऊक असते, कारण तो त्याने स्वतःच्या हातांनी लिंपला आहे. आणि शेजारचे मूल येऊन ‘दरवाजा इकडे हवा’ असे म्हणू शकते. फोनातील चित्राकडेही मुलाने याच अधिकाराने पाहावे, एवढे शाळेने साधावयाचे आहे.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. जे प्रत्यक्ष शाळेच्या कुंपणाबाहेरच आहे, त्यासाठी हे साधन काढूच नये. आषाढात समोरच्या खाचरात भाताची लावणी चालू असताना वर्गात भाताच्या रोपाचे हलते चित्र दाखविणे हा वेळेचा अपव्यय होय. देवमासा, ज्वालामुखी, हृदय, ग्रहमाला यांसाठी ते राखून ठेवावे.

पालकसभेतही हा विषय निघावयास हवा. फोन वाईट आहे, तो काढून घ्या, असा उपदेश बहुधा निष्फळ होतो. कारण तोच फोन बाजारभाव सांगतो आणि पुण्यास गेलेल्या मुलाचा आवाज ऐकवितो. त्याऐवजी पालकांनी मुलांबरोबर बसून तीन गोष्टी विचाराव्यात : हे चित्र कोणी केले, ते खरे आहे हे कसे कळले, आणि कॅमेऱ्यापुढून घरातील काय गेले. निरक्षर आईसही हे प्रश्न विचारता येतात.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या गावातील एका जुन्या वास्तूचा तीन रकान्यांचा असा एक कागद मुलांच्या हस्ताक्षरात तयार करून आणावा. चित्र वा फोन मिळाला नाही म्हणून दुसरा रकाना कोरा राहिला तरी चालेल. पहिला व तिसरा मात्र भरलेला असावा. दोन्ही तालुक्यांतील हे कागद केंद्रवार एकत्र करून ठेवले, तर उद्या गडावर वा गावात कोणी चित्र उभे करावयास आला असता त्यास दाखविण्यासारखे काहीतरी येथील मुलांजवळ असेल.